साइटमॅपची पत: लाखो पानांची यादी सर्च इंजिन खरी कधी मानतं?

आठ लाख पानांची एक वेबसाइट डोळ्यांसमोर आणा. जुन्या अंकांचं अर्काइव्ह म्हणा, वस्तू विकणारं दुकान म्हणा किंवा नोकरीच्या जाहिरातींची साइट म्हणा. सगळी पानं खुली आहेत, कुठेही लॉगिन लागत नाही, सर्व्हरही ठणठणीत आहे. तरी सर्च इंजिनमध्ये त्यांतली जेमतेम निम्मी सापडतात. मालकाला वाटतं, सर्च इंजिनने आपल्याला कसली तरी शिक्षा केली आहे. बहुतेक वेळा शिक्षा वगैरे काही नसते. उरलेली पानं अस्तित्वात आहेत हेच त्याला ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असतं पण त्यांच्यापर्यंत पाळी आलेली नसते.

साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी देणारी फाइल, यावर उपाय म्हणून सुचवला जातो आणि तो बनवणं तसं सोपं आहे. आठ लाख पत्त्यांची फाइल एखादा प्रोग्रॅम काही मिनिटांत लिहून देतो. त्या फाइलवर सर्च इंजिनने विश्वास ठेवावा यासाठी काय करावं लागतं, ते मात्र क्वचितच कोणी समजावून सांगतं. म्हणून इथे भर त्यावर आहे.

लिंकांच्या वाटेने कुठवर पोचता येतं

सर्च इंजिनकडे जगातल्या पानांची कुठलीही अधिकृत नोंदवही नसते. त्याचा क्रॉलर, म्हणजे पानं आणून वाचणारा प्रोग्रॅम, एक पान उघडतो, त्यावरच्या लिंका गोळा करून रांगेत लावतो आणि मग त्या रांगेतलं पुढचं पान उघडतो. गूगलने २००८ साली जाहीर केलं होतं की असं करत करत त्यांच्या यंत्रणेच्या नजरेस एक लाख कोटी वेगवेगळे पत्ते आले आहेत. त्यातले सगळे आम्ही इंडेक्स करत नाही, म्हणजे शोधासाठीच्या साठ्यात घेत नाही, असंही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. कारण त्यातली बरीचशी पानं एकमेकांसारखीच किंवा यंत्राने आपोआप तयार केलेली असतात.

छोट्या साइटला ही पद्धत पुरते. मुखपृष्ठावरून दोन-तीन क्लिकमध्ये सगळं हाताशी येतं. गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनानुसार साधारण पाचशेच्या आत पानं असतील आणि ती एकमेकांना नीट जोडलेली असतील, तर साइटमॅपची गरज भासेलच असं नाही. मोठ्या साइटवर मात्र ही वाट अनेक ठिकाणी तुटते.

एक म्हणजे खोली. एका विभागात दहा हजार वस्तू आहेत आणि एका पानावर वीस दिसतात. म्हणजे यादीची पाचशे पानं झाली. खाली फक्त ‘पुढचं पान’ एवढीच लिंक असेल, तर शेवटच्या वीस वस्तूंपर्यंत पोचायला क्रॉलरला पाचशे पायऱ्या उतराव्या लागतात. तो उतरत नाही, निदान लवकर तरी नाही. दुसरं म्हणजे शोधपेटी. पुष्कळ अर्काइव्ह अशी असतात की तारीख किंवा नाव टाईप केल्याशिवाय जुना मजकूर समोर येतच नाही. माणूस टाईप करतो, क्रॉलर सहसा फॉर्म भरत बसत नाही. तिसरी अनाथ पानं: कधीकाळी लिंक होती, मग डिझाइन बदललं, मेनूतला विभाग गेला आणि पानं डेटाबेसमध्ये शाबूत राहूनही साइटवरून कुठूनही जोडलेली उरली नाहीत.

आणि एक अडचण उलट बाजूची, माझ्या मते सगळ्यात महागडी. ती म्हणजे नको तितके पत्ते. दहा रंग, आठ मापं आणि क्रम लावायच्या पाच पद्धती असा फिल्टर असेल, तर एकाच यादीचे चारशे पत्ते तयार होतात. क्रॉलरच्या लेखी ही चारशे वेगळी पानं. कॅलेंडर असेल आणि त्यात ‘पुढचा महिना’ ही लिंक कधीच थांबत नसेल, तर तो पुढच्या शतकातली रिकामी पानंही उघडत राहील.

हे महागडं अशासाठी की क्रॉलरचा वेळ मोजका असतो. एखाद्या साइटवरची किती पानं किती वेगाने आणायची हे सर्च इंजिन ठरवतं, आणि ठरवताना दोन गोष्टी पाहतं: तुमचा सर्व्हर न दमता किती विनंत्या पेलू शकतो, आणि तुमच्या पानांना मागणी किती आहे, म्हणजे ती किती लोकप्रिय आहेत व किती वेळा बदलतात. यालाच क्रॉल बजेट म्हणतात. समजा, बजेट रोज वीस हजार पानांचं आहे. आठ लाख पानं एकदा पाहून व्हायला चाळीस दिवस लागतील. त्यातलं निम्मं बजेट फिल्टरच्या पत्त्यांनी खाल्लं तर ऐंशी. गूगलच्या मते बजेटची काळजी करावी ती दहा लाखांच्या वर पानं असून ती आठवड्यातून एकदा तरी बदलणाऱ्या साइटनी, किंवा दहा हजारांच्या वर पानं असून रोज बदलणाऱ्यांनी. बाकीच्यांनी हा शब्द विसरला तरी चालतो.

फाइलमध्ये असतं काय

गूगलने जून २००५ मध्ये साइटमॅपची पद्धत सुरू केली. नोव्हेंबर २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टनेही तीच स्वीकारली, त्यामुळे एकच फाइल सगळ्यांना चालू लागली. त्या वेळी ठरलेली ०.९ ही आवृत्ती आजही तशीच वापरात आहे. इतक्या वर्षांत हिला १.० सुद्धा व्हावं लागलं नाही, यावरून ती किती साधी आहे याचा अंदाज यावा.

फाइल एक्सएमएल या प्रकारात, म्हणजे माहितीला टॅग नावाच्या खुणा लावून, लिहितात. प्रत्येक पानासाठी एक नोंद आणि नोंदीत चार टॅग असू शकतात. ‘लॉक’ म्हणजे पानाचा पूर्ण पत्ता, हा एकच सक्तीचा. ‘लास्टमॉड’ म्हणजे पान शेवटचं कधी बदललं. ‘चेंजफ्रेक’ म्हणजे ते साधारण किती वेळा बदलतं. आणि ‘प्रायॉरिटी’ म्हणजे तुमच्या लेखी त्याचं महत्त्व किती, शून्य ते एक या दरम्यान.

शेवटचे दोन टॅग गूगल पाहतच नाही, आणि बिंगनेही ते फारसे विचारात घेत नसल्याचं सांगितलं आहे. कारण उघड आहे: स्वतःच्या पानाचं महत्त्व कमी कोण सांगेल? त्यामुळे प्रायॉरिटीचे आकडे ठरवण्यासाठी बैठक घेणारी मंडळी दिसली, की त्यांना चहापाणी करून घरी जायला सांगावं.

मर्यादा दोन आहेत. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते आणि फाइलचा आकार जास्तीत जास्त ५० एमबी. पूर्वी ही मर्यादा १० एमबी होती, ती २०१६ मध्ये वाढवली. फाइल जीझिपने दाबून ठेवायला हरकत नाही, मात्र ५० एमबी मोजायचे ते उलगडलेल्या फाइलचे. पत्ते याहून जास्त असतील तर अनेक फाइली करायच्या आणि त्या फाइलींची यादी देणारी एक इंडेक्स फाइल ठेवायची. इंडेक्समध्येही ५०,००० फाइलींची नोंद करता येते, म्हणजे एका इंडेक्सखाली अडीचशे कोटी पत्ते बसतात. आपल्या आठ लाखांना सोळा फाइली पुरतील. बहुभाषी साइटवर प्रत्येक पानाच्या नोंदीतच त्याच्या इतर भाषांतल्या आवृत्त्यांचे पत्ते देण्याची सोय आहे. तिथे नोंद फुगते आणि ५०,००० चा आकडा गाठण्याआधीच ५० एमबीची भिंत लागू शकते.

प्रतिमा, व्हिडिओ आणि बातम्या यांच्यासाठी याच फाइलचे वाढीव प्रकार आहेत. बातम्यांचा प्रकार जरा वेगळा वागतो: गूगलसाठी त्यात फक्त गेल्या दोन दिवसांतले लेख ठेवायचे असतात आणि एका फाइलमध्ये जास्तीत जास्त हजार. जुने लेख नेहमीच्या साइटमॅपमध्ये राहतातच.

देवनागरी पत्ते वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. पत्त्यातली देवनागरी अक्षरं साइटमॅपमध्ये सांकेतिक रूपात लिहिणं सुरक्षित असतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइटचं सांकेतिक रूप टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असं तीन जागांचं होतं. म्हणजे एका ‘क’ला नऊ जागा. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हं धरली जातात, त्यामुळे ‘क्षि’ला चार चिन्हांच्या छत्तीस जागा लागतात. पत्ता २,०४८ जागांच्या आत असावा असा नियम आहे. अख्खा मथळाच पत्त्यात टाकायची सवय असलेल्या साइटनी हे गणित एकदा करून पाहावं. शिवाय मेनूतल्या लिंकमध्ये पत्ता एका रूपात आणि साइटमॅपमध्ये दुसऱ्या रूपात असं होऊ देऊ नये. पत्त्यात ‘आणि’चं इंग्रजी चिन्ह म्हणजे अँपरसँड असेल, तर तेही एक्सएमएलच्या नियमाप्रमाणे बदलून लिहावं लागतं. एक चिन्ह चुकलं की फाइल वाचता येत नाही, आणि फाइल वाचता आली नाही की तिच्यातले बाकीचे पत्तेही वाया जाऊ शकतात.

तारीख खरी असेल तरच

आता लास्टमॉडकडे वळू. मोठ्या साइटसाठी साइटमॅपचा अर्धा जीव या एका टॅगमध्ये आहे.

क्रॉलरच्या बाजूने विचार करा. आठ लाख पानं त्याने मागच्या दोन महिन्यांत पाहिली आहेत. आज त्यातली तीनशे बदलली. कुठली तीनशे? साइटमॅपने नेमकं सांगितलं तर तो थेट तिथे जाईल, उरलेल्या ७,९९,७०० पानांवर वेळ घालवणार नाही. वाचलेला वेळ नव्या पानांना मिळेल. यात त्याचाही फायदा आणि तुमचाही.

पण सांगितलेली तारीख खरी आहे का, हे तो पडताळून पाहतो. पान आणलं आणि त्यात खरंच काही बदललेलं दिसलं, तर तारखेची पत वाढते. तारीख कालची आणि मजकूर मात्र तीन वर्षांपूर्वीचाच, असं वारंवार आढळलं तर तो त्या साइटच्या तारखा पाहणंच सोडून देतो. लांडगा आला रे आला म्हणून रोज ओरडणाऱ्या पोराची जी गत झाली तीच. गूगलने स्पष्ट लिहिलं आहे की लास्टमॉड सातत्याने आणि पडताळता येईल इतका अचूक असेल तरच आम्ही तो वापरतो.

तारखा खोट्या पडतात त्या बहुधा लबाडीमुळे नव्हे. साइटमॅप बनवणारा प्रोग्रॅम रोज रात्री चालतो आणि सगळ्या आठ लाख नोंदींवर आजची तारीख ठोकून देतो; बनवणाऱ्याला वाटलेलं असतं की फाइल आजची, म्हणजे तारीखही आजची. दुसरा प्रकार जास्त सूक्ष्म आहे. प्रोग्रॅमर डेटाबेसमधला ‘शेवटचा बदल’ हा रकाना सरळ उचलतो. ऐकायला बरोबर वाटतं. पण त्याच ओळीत वाचकसंख्येचा आकडाही साठवलेला असेल, तर कोणी पान नुसतं उघडलं तरी तो रकाना हलतो. पान जितकं लोकप्रिय, तितकी त्याची तारीख जास्त खोटी!

उपाय असा: तारखेसाठी वेगळा रकाना ठेवा. पानाचा मुख्य मजकूर, त्यातल्या महत्त्वाच्या लिंका आणि सर्च इंजिनसाठी दिलेली संरचित माहिती एवढ्यावरून एक छोटा सांकेतिक ठसा, म्हणजे हॅश, काढून साठवा. पान जतन करताना नवा हॅश जुन्यापेक्षा वेगळा आला तरच तारीख पुढे न्या. तळाशी असलेलं कॉपीराइटचं वर्ष बदललं, बाजूच्या पट्टीतल्या जाहिराती बदलल्या, तर तारीख हलता कामा नये. ज्या पानांबद्दल खात्रीने सांगता येत नाही, उदाहरणार्थ सतत सरकणाऱ्या विभागांच्या याद्या, त्यांना हा टॅग लावूच नका. टॅग ऐच्छिक आहे, आणि नसलेल्या तारखेने कोणाचं नुकसान होत नाही.

तारीख लिहायची ती वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, मध्ये आडव्या रेघा देऊन: २०२४-०३-१५. वेळ द्यायची असेल तर सोबत टाइमझोनही द्यावा लागतो.

यादीत कोणाला घ्यायचं

जे पान सर्च इंजिनमध्ये दिसावं असं तुम्हाला वाटतं, त्याचाच पत्ता यादीत असावा आणि तोही एकदाच. वाचायला हे इतकं सरळ आहे की त्याकडे कोणी लक्ष देत नाही. प्रत्यक्षात मोठ्या साइटच्या साइटमॅपमध्ये काय काय सापडतं पाहा: दुसरीकडे पाठवणारे पत्ते, काढून टाकलेली पानं, ज्यांच्यावर साइटनेच ‘इंडेक्स करू नका’ असा शिक्का मारला आहे अशी पानं, क्रॉलरने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये बंदी घातलेले विभाग, आणि एकाच वस्तूचे चार चार पत्ते. एका हाताने या म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने दार लावायचं, असा हा प्रकार.

एकाच मजकुराच्या अनेक पत्त्यांपैकी मुख्य कोणता हे सांगण्यासाठी कॅनॉनिकल नावाची खूण असते. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने ती २००९ मध्ये सुरू केली. साइटमॅपमध्ये फक्त हा मुख्य पत्ता यावा. पानावरची कॅनॉनिकल खूण एक पत्ता सांगते आणि साइटमॅप दुसरा, असं झालं तर सर्च इंजिन स्वतःच्या बुद्धीने निवड करतं, आणि ती तुमच्या पसंतीची असेलच असं नाही.

या सगळ्याचा अर्थ असा की साइटमॅप बनवण्याआधी ‘आपल्या साइटवर खरी पानं कोणती’ या प्रश्नाचं उत्तर कोणाकडे तरी असायला हवं. अनेक संस्थांत ते कोणाकडेच नसतं. संपादक विभागाला लेख माहीत असतात, तांत्रिक विभागाला डेटाबेसमधल्या ओळी माहीत असतात, आणि दोन्ही आकडे जुळत नाहीत. साइटमॅपचं काम हाती घेतल्यावर जो पहिला महिना जातो तो या हिशेबातच जातो, आणि तो महिना खर्ची घालण्यासारखा आहे.

म्हणूनच बाहेरून साइट चाळून साइटमॅप बनवणारी साधनं मोठ्या साइटसाठी मला पटत नाहीत. ती लिंकांच्याच वाटेने जातात. अनाथ पानं त्यांनाही सापडत नाहीत आणि फिल्टरचे पत्ते मात्र ढिगाने सापडतात. म्हणजे ज्या दुखण्यासाठी औषध हवं होतं तेच दुखणं औषधात. यादी डेटाबेसमधूनच निघायला हवी. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, मूळ प्रणालीतच साइटमॅपची सोय आहे आणि ती एका फाइलमध्ये दोन हजार पत्ते ठेवते. पण तीही सगळ्या प्रकारची पानं सरसकट उचलते. लेखकांची पानं, टॅगांची पानं खरंच हवीत का, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

तुकडे पाडताना

सोळा फाइलींमध्ये आठ लाख पत्ते कसे वाटायचे? सहज सुचणारी पद्धत म्हणजे नव्यापासून जुन्यापर्यंत क्रम लावायचा आणि दर पन्नास हजारांवर कात्री चालवायची. ही पद्धत टाळा. एक नवं पान आलं की पहिल्या फाइलमधलं शेवटचं पान दुसरीत सरकतं, दुसरीतलं तिसरीत, आणि एका पानापायी सोळाही फाइली बदलतात. इंडेक्स फाइलमध्ये प्रत्येक साइटमॅपलाही लास्टमॉड देता येतो, तो यासाठीच की क्रॉलरने फक्त बदललेल्या फाइली उचलाव्यात. सगळ्याच रोज बदलल्या तर ती सोय वाया गेली.

त्याऐवजी पानाची जागा कायमची ठरवावी. पान क्रमांक एक ते चाळीस हजार पहिल्या फाइलमध्ये, पुढचे चाळीस हजार दुसरीत. मधलं एखादं पान काढलं तर ती फाइल थोडी रोडावेल, इतकंच. अशा वीस फाइली होतील, सोळा नव्हेत, पण त्याने काही बिघडत नाही. अर्काइव्ह असेल तर महिन्यागणिक फाइल करणं आणखी सोयीचं. दहा वर्षांपूर्वीच्या जूनची फाइल सहसा हलणारच नाही, आणि चालू महिन्याची फाइल छोटी राहून वरचेवर बदलत राहील. पत्ते कुठल्या क्रमाने लिहिले याला गूगलच्या लेखी महत्त्व नाही.

तुकडे पाडण्याचा दुसरा फायदा मात्र मला पहिल्याहून मोठा वाटतो. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या साधनात, इंडेक्स झालेल्या आणि न झालेल्या पानांचा अहवाल प्रत्येक साइटमॅपनुसार वेगळा पाहता येतो. सगळे पत्ते सरमिसळ असतील तर ‘आठ लाखांपैकी साडेचार लाख इंडेक्स झाले’ एवढंच कळेल, आणि त्यातून करण्यासारखं काही निघत नाही. फाइली प्रकारानुसार केल्या तर चित्र वेगळं दिसतं: लेखांपैकी बहुतेक सगळे आत आहेत, वस्तूंची पानं बऱ्यापैकी आहेत, आणि वाचकांच्या प्रश्नोत्तरांची पानं जवळपास सगळी बाहेर. म्हणजे दुखणं कुठे आहे ते दिसलं. या अहवालात एका कारणाखाली जास्तीत जास्त हजार पत्त्यांचे नमुने मिळतात, त्यामुळे संशयित विभागाच्या फाइली मुद्दाम लहान करणारेही लोक आहेत.

कळवायचं कसं

सगळ्यात सोपी आणि सगळ्यांना चालणारी वाट म्हणजे रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये ‘साइटमॅप’ या शब्दापुढे फाइलचा पूर्ण पत्ता लिहून ठेवणं. ही सोय २००७ पासून आहे. शिवाय सर्च कन्सोल आणि बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्ये तो पत्ता एकदा नोंदवावा, म्हणजे चुका कळतात आणि अहवाल मिळतात.

पूर्वी एक ठरावीक पत्ता उघडून ‘आमचा साइटमॅप बदलला’ असं कळवता येत असे. बिंगने ती सोय २०२२ मध्ये काढली. गूगलने जून २०२३ मध्ये ती बंद होत असल्याचं जाहीर केलं. त्या वाटेने येणारी बहुतांश नावं स्पॅमचीच निघत होती. कुठल्या जुन्या प्लगइनमध्ये हे ‘पिंग’ अजून चालू असेल तर ते आता हवेत जातंय.

तातडीने कळवण्यासाठी मायक्रोसॉफ्ट बिंग आणि यांडेक्स या रशियन सर्च इंजिनने ऑक्टोबर २०२१ मध्ये इंडेक्सनाऊ सुरू केलं. साइटवर एक गुप्त किल्लीची फाइल ठेवायची आणि बदललेले पत्ते, एका वेळी दहा हजारांपर्यंत, पाठवून द्यायचे. सहभागी इंजिनांपैकी एकाला कळवलं की ते इतरांनाही सांगतं. गूगल त्यात सामील नाही. गूगलची थेट कळवण्याची वेगळी सोय आहे, पण ती फक्त नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांसाठी. बाकीच्यांना गूगलसाठी साइटमॅपच.

यादीत नाव असूनही पान बाहेर

पान सापडणं, आणलं जाणं आणि इंडेक्स होणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. साइटमॅप पहिल्या पायरीला भरपूर मदत करतो, दुसरीला थोडी, आणि तिसरीला जवळपास काहीच नाही. सर्च कन्सोलच्या अहवालात हे दोन वेगळ्या शेऱ्यांमधून दिसतं. ‘सापडलं, पण अजून इंडेक्स नाही’ म्हणजे पत्ता कळला आहे, पण आणण्याची पाळी आली नाही. इथे बजेट, सर्व्हरचा वेग आणि फालतू पत्त्यांची गर्दी तपासावी. ‘क्रॉल केलं, पण इंडेक्स नाही’ म्हणजे पान आणून वाचलं आणि बाजूला ठेवलं. हा शेरा मजकुरावरचा आहे: पान रिकामं असेल, दुसऱ्या एखाद्याची नक्कल असेल किंवा त्यात ठेवण्यासारखं काही आढळलं नसेल. साइटमॅप कितीही वेळा सादर केला तरी हा शेरा बदलत नाही.

आणि फक्त साइटमॅपमध्येच असलेलं, साइटवरून एकही लिंक नसलेलं पान सापडलं तरी त्याची पत कमीच राहते. ज्या पानाकडे खुद्द साइटच बोट दाखवत नाही ते महत्त्वाचं कसं मानायचं? म्हणून खोल दडलेल्या पानांसाठी साइटमॅपसोबत लिंकांचीही सोय करायला हवी: विभागांची उतरंड कमी करणं, अर्काइव्हला वर्ष आणि महिन्याची पानं देणं, लेखाखाली संबंधित जुन्या लेखांकडे नेणाऱ्या लिंका ठेवणं.

साइटमॅप ही सार्वजनिक फाइल आहे, ती कोणीही उघडून वाचू शकतो. पत्ता कोणाला ठाऊक नाही एवढ्याच भरवशावर लपवून ठेवलेली पानं चुकून त्यात गेली, तर ती लपलेली राहत नाहीत.

नेमकं काय चाललंय हे कळण्याचं सगळ्यात खरं ठिकाण म्हणजे सर्व्हरचा लॉग, जिथे प्रत्येक विनंती लिहिलेली असते. त्यातून सर्च इंजिनच्या बॉटच्या, म्हणजे क्रॉलरच्या, विनंत्या वेगळ्या काढा. नुसत्या नावावर जाऊ नका, कारण गूगलबॉट असं नाव कोणीही लावून येतं. विनंतीचा आयपी पत्ता उलटा तपासून तो खरोखर गूगलच्या डोमेनचा आहे का आणि त्या डोमेनवरून परत तोच आयपी येतो का, ते पाहावं. मग दोन याद्या काढा: साइटमॅपमध्ये असून गेल्या तीन महिन्यांत बॉट एकदाही न फिरकलेली पानं, आणि साइटमॅपमध्ये नसूनही बॉट वारंवार उघडतोय असे पत्ते. पहिल्या यादीला लिंका हव्या आहेत. दुसरीत बहुधा फिल्टर, क्रमवारी आणि सेशनचे पत्ते भरलेले निघतात. त्यांचे नमुने शोधून ते रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये बंद करावेत आणि काही आठवड्यांनी तोच लॉग पुन्हा काढून बॉटचा वेळ कुठे वळला ते पाहावं.